कुणाची पी.ए.?

ताईचा कऱ्हाडहून फोन आला की आधी पाऊसपाणी, मग गुडघे आणि मग मुलंबाळं असा क्रम ठरलेला असतो. २०२४ च्या श्रावणातल्या एका सकाळी तिने पाऊस आणि गुडघे दोन्ही गाळले. "अगं, ती म्हणते पी.ए. होणार. इतकं शिकून कुणाची पी.ए. होणार ही? मंत्र्याची?"

मला हसू आवरेना. आपल्याकडे पी.ए. म्हटलं की साहेबांच्या केबिनबाहेर बसणारा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगणारा गृहस्थच डोळ्यांपुढे येतो. मी ताईला सांगितलं की अमेरिकेत या पी.ए.चा अर्थ फिजिशियन असिस्टंट. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे कंपाउंडरच की!"

ही 'ती' म्हणजे ताईची धाकटी मुलगी, माझी भाची. नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे आणि हे लिखाण निम्मं सासर-माहेर वाचतं, तेव्हा तिचं बरोबरच आहे. ती नॉर्थ कॅरोलिनात असते, चाळिशीची आहे, तिला अकरा वर्षांची मुलगी आहे आणि आठ वर्षं ती तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून रात्रपाळी करते आहे. म्हणजे व्हेंटिलेटर सांभाळायचे, ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या उशाशी उभं राहायचं, रक्तातला प्राणवायू मोजायचा, नळी घालताना डॉक्टरांच्या हाताशी असायचं. आणि घरच्यांनी तसं ठरवलं तर, शेवटी ती नळी काढायचं कामही पुष्कळदा हिच्याकडेच. हे शेवटचं मला तिने फार उशिरा सांगितलं.

ताईच्या त्या एका शब्दावरून मी बरेच दिवस मनात भांडत होते. ताई हे वाचणार आहे हे ठाऊक असूनही आज लिहिते आहे, कारण तो शब्द एकट्या ताईचा नाही. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला मी तो वेगवेगळ्या तोंडून ऐकला. "डॉक्टर व्हायला जमलं नसेल", "अर्धा डॉक्टर", "आता या वयात असिस्टंट?" एका सद्गृहस्थांनी तर मला विचारलं, "तिकडे नर्सला प्रमोशन देतात ते का हे?" ती नर्स नाही आणि हे प्रमोशनही नाही, पण मांडवात पंगत बसलेली असताना किती समजावणार?

आधी पी.ए. काय करतो ते सांगते. तो रोग्याला तपासतो, रक्ताच्या आणि फोटोच्या चाचण्या सांगतो, निदान करतो, औषध लिहून देतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या समोर उभा राहून हात लावतो. औषध लिहून देण्याचा अधिकार एकेका राज्याने दिला, सगळ्यात शेवटी इंडियानाने, २००७ साली. बहुतेक ठिकाणी त्याची कुणा ना कुणा डॉक्टरशी बांधणी असते, गुंतागुंतीचं असेल तर तो त्यांना विचारतो. शिक्षण पदवीनंतरचं, मास्टर्सचं, साधारण सत्तावीस महिन्यांचं. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात आणि पुढे मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, इमर्जन्सी अशा एकेका विभागात फिरत. मग राष्ट्रीय परीक्षा. कंपाउंडर हा शब्द मी वाईट अर्थाने घेत नाही बरं का. आमच्या गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर लाल औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत, आणि डॉक्टर नसताना अर्धं गाव त्यांनाच जीभ दाखवत असे. पण ते वेगळं काम आणि हे वेगळं.

मला या धंद्याच्या जन्माची गोष्ट फार आवडली. भाचीच्या घरापासून तासाभराच्या आत डरहॅम नावाचं गाव आहे, तिथे ड्यूक विद्यापीठ आहे. तिथल्या डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये चार विद्यार्थी घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. चौघेही आधी नौदलात कॉर्प्समन होते, म्हणजे जहाजावर किंवा रणांगणावर जखमींची देखभाल करणारे. हातात कसब भरपूर, पण लष्करातून बाहेर पडल्यावर त्या कसबाला नागरी जगात दार नाही. आणि दुसरीकडे गावोगावी डॉक्टरांची टंचाई. स्टेड यांनी त्याआधी अनुभवी परिचारिकांसाठी असाच प्रयत्न केला होता, पण त्या अभ्यासक्रमाला परिचर्येच्या राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली नाही. मग त्यांनी हे चौघे घेतले. ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यातले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. आज त्या देशात असे सुमारे तीनशे अभ्यासक्रम आहेत.

म्हणजे बघा, हा धंदा मुळात निघालाच दुसरं काहीतरी करून आलेल्या माणसांसाठी. 'आधी तुम्ही रोग्याजवळ काय केलंत?' हा प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या डोक्यात मात्र एक शिडी घट्ट बसलेली आहे: वर डॉक्टर आणि खाली बाकी सगळे. या शिडीवर जो मधल्या पायरीवर दिसेल तो एकतर वरून घसरलेला किंवा खालून चढताना दमलेला. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी एल.सी.पी.एस. असलेले डॉक्टर असत. एम.बी.बी.एस. पेक्षा कमी शिकलेले, परवानाधारक. भोर समितीने १९४६ मध्ये एकच पदवी असावी अशी शिफारस केली आणि पुढे तसले अभ्यासक्रम मावळत गेले. ते योग्य झालं की अयोग्य यावर डॉक्टर मंडळींनी वाद घालावा, मला त्यातलं कळत नाही. पण माझ्या दोन भावंडांचे ताप त्या 'कमी शिकलेल्या' डॉक्टरांनी उतरवले, हे मला कळतं. असो.

भाचीचा इथवरचा रस्ता सरळ नाही. इकडे तिने फिजिओथेरपीची पदवी घेतली, साडेचार वर्षांची. लग्न होऊन २०१० ला तिकडे गेली. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना तेव्हा नोकरी करता येत नसे. शिकता येई. फिजिओथेरपीसाठी तिकडे आता डॉक्टरेट लागते, आपल्या पदवीचं विषयवार मूल्यमापन होतं आणि कमी पडलेले विषय भरून काढावे लागतात. तिची कमी पडलेल्या विषयांची यादी दीड पान होती. ती यादी हातात घेऊन ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन श्वसनोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काय आहे ते विचारून आली. २०१७ पासून ती त्या कामात आहे. २०२० साली त्या कामाचं काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. त्या वर्षी ती व्हिडिओवर दिसायची तेव्हा मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालांवर असायचे. बोलायचं म्हणून आम्ही लोणच्याविषयी बोलायचो.

आता पी.ए.च्या शाळेत अर्ज करायचा म्हणजे काय, ते मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाहिलं. मी २०२५ च्या एप्रिलमध्ये तिच्याकडे गेले आणि सहा महिने राहिले. देशभराच्या शाळांसाठी एकच मध्यवर्ती अर्ज असतो, कॅस्पा म्हणतात त्याला. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस तो उघडतो. त्यात सगळ्या कॉलेजांच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रं, स्वयंसेवा, कुणा पी.ए.च्या मागेमागे राहून काम पाहिल्याचे तास, आणि रोग्यांची प्रत्यक्ष सेवा केल्याचे तास. हे सेवेचे तास कुठे पाचशे मागतात, कुठे हजार, कुठे दोन हजार. भाचीचे चौदा हजारांच्या वर भरले. मी म्हटलं, "मग झालंच की!" ती म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षीही साधारण एवढेच होते."

कारण गेल्या वर्षी तिने नऊ शाळांत अर्ज केले होते आणि नऊही नकार आले होते. त्यातल्या चारांनी तर मुलाखतीलाही बोलावलं नाही हे सांगायचे कष्टही घेतले नाहीत, नुसती शांतता. एक चूक तिला स्वतःला कळली होती. बऱ्याच शाळा अर्ज येतील तसतसे वाचतात आणि जागा भरत जातात, आणि हिने अर्ज सप्टेंबरात टाकला. रात्रपाळी, मुलीची शाळा, आणि त्यात सूक्ष्मजीवशास्त्राचा शेवटचा पेपर. होय, तो पुन्हा द्यावा लागला. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, हे विषय अनेक शाळांना अमेरिकेतल्याच कॉलेजात झालेले हवे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते पाच किंवा दहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. म्हणजे जिने आठ वर्षं रोज रात्री माणसांची फुफ्फुसं ऐकली, तिने एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून फुफ्फुसाला उजवीकडे तीन खंड असतात हे पुन्हा लिहून दाखवायचं. मी जन्मभर परीक्षा घेतलेली बाई, पण मलाही याचा राग आला. भाचीला तेवढा आला नव्हता. "सूक्ष्मजीवशास्त्र खरंच बदललंय गं," म्हणाली. "आणि मला काय येत नाही ते कळलं." तिचं म्हणणं मी नोंदवते, माझा राग मात्र मागे घेत नाही. निदान शरीररचना तरी बदललेली नाही.

तासांच्या हिशेबाबद्दलही माझं मत आहे. अनुभव मागणं चांगलंच. पण तास मोजायला लागलं की तरुण पोरं तास गोळा करायला लागतात, जशी आमच्याकडे दहावीची मुलं चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव गुण गोळा करतात. एखाद्याने वृद्धाश्रमात पाचशे तास घालवून माणूस पाहिला, आणि एखाद्याने पाच हजार तास घालवून घड्याळ पाहिलं, हे रकान्यात कुठे दिसणार? मग ते दिसावं म्हणून निबंध लिहायला लावतात. आणि इथे माझी कथा सुरू होते, कारण निबंध हा माझा प्रांत!

निबंधाला पाच हजार अक्षरांची मर्यादा. शब्द नव्हेत, अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. 'मला पी.ए. का व्हायचं आहे' हा विषय. भाचीने तिचा आदल्या वर्षीचा निबंध मला वाचायला दिला. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं ठीक आहे, बोलताना मात्र दमायला होतं. मी लाल पेन मागितलं. घरात लाल पेन नव्हतं, नातीच्या जांभळ्या स्केचपेनवर भागवलं.

सुरुवात 'लहानपणापासून' अशी होती. पस्तीस वर्षांत मी किती निबंध तपासले असतील त्याचा हिशेब नाही, पण त्यातले निम्मे 'लहानपणापासून'ने सुरू होत. त्यावर मी नुसती रेघ मारली. पुढे आजीचा दमा आला, तोही खोटा. तिच्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, शेवटपर्यंत साधी शिंकही कधी आली नाही. विचारलं तर म्हणाली, "सगळे असंच काहीतरी लिहितात गं." आणि मग मधोमध एक परिच्छेद होता त्यावर मी थांबले. त्याचा आशय असा: श्वसनोपचारात मला मर्यादा जाणवल्या, मी फक्त दुसऱ्यांचे आदेश पाळणारी तंत्रज्ञ होते, तिथे विचाराला वाव नव्हता.

मी स्केचपेन खाली ठेवलं. तिला काही बोलले नाही. चहा करते म्हणून उठले.

इथे मला थोडं माझं सांगावं लागेल. मी १९७१ साली डी.एड. होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत लागले. पहिलीचा वर्ग, पासष्ट मुलं, पाटी-पेन्सिल, ग म भ न. बी.ए. मी बाहेरून केलं, कंदिलाच्या आणि नंतर विजेच्या उजेडात, मराठी विषय घेऊन. मग बी.एड. १९७९ ला एका नावाजलेल्या हायस्कुलात जागा निघाली आणि मी अर्ज केला. मुलाखतीला टेबलापलीकडे चौघे. त्यातल्या एकांनी माझा अर्ज बोटाने पुढे सरकवत विचारलं, "बाई, आठ वर्षं प्राथमिकला होतात. तिथलं शिकवणं आणि इथलं, फरक आहे ना?" त्यांच्या आवाजात ते होतं, तुम्हाला कळेल काय ते. आणि मी, नोकरी हवी म्हणून, म्हटलं, "हो सर. तिथे काय, मुलांना सांभाळायचंच काम असतं. शिकवणं असं काही नसतं."

चौघेही हसले. मला नोकरी मिळाली.

ती पासष्ट मुलं मला त्या वाक्यासह कितीतरी रात्री आठवत राहिली. आणि गंमत अशी, हायस्कुलात मी जे काही धड काम केलं त्यातलं पुष्कळसं पहिलीच्या वर्गातून उचललेलं होतं. आठवीत एक मुलगा होता, शिक्षकखोलीत त्याला 'दगड' म्हणत. मी त्याची वही पाहिली तर तो 'भ' आणि 'म' मध्ये गोंधळत होता, काना गाळत होता, ओळ वाचताना शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून पुढचं ठोकून देत होता. तो दगड नव्हता, त्याला वाचताच येत नव्हतं. सात वर्षं वाचल्याचं नाटक करत तो आठवीपर्यंत आला होता. एम.ए. झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना ते दिसलं नाही, कारण वाचायला न येणारं मूल कसं दिसतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. मी पाचशे वेळा पाहिलं होतं. दुपारच्या सुट्टीत त्याला घेऊन बसले, पुन्हा ग म भ न. पुढे तो एस.टी.त कंडक्टर झाला. एकदा माझं तिकीट फाडलं आणि पैसे घेतले नाहीत, स्वतःच्या खिशातून भरले.

तर चहा घेऊन आल्यावर मी भाचीला ही मुलाखतीची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती, माझ्या यजमानांनाही नाही. मग म्हटलं, "हे इंग्रजी बाजूला ठेव. तू हे काम का सोडतेस ते मला मराठीत सांग."

ती बराच वेळ मुलीच्या डब्याची झाकणं लावत, काढत राहिली. मग म्हणाली, "मी सोडत नाहीये गं. मला एक माणूस आठवतो."

साठीपुढचा एक गृहस्थ, धूम्रपानाने फुफ्फुसं गेलेली, आपल्याकडे याला सरसकट दमाच म्हणतात. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती. दर वेळी फाइलीत एकच शेरा: औषध नीट घेत नाही. भाचीने रात्री दोन वाजता त्याला म्हटलं, तुमचा इन्हेलर कसा घेता ते दाखवा. त्याने दाखवलं. सगळं बरोबर. पण तो कोरड्या पावडरीचा इन्हेलर होता. त्यातली पावडर फुफ्फुसात खोल जायला रोग्याने स्वतः जोरात श्वास ओढावा लागतो, आणि त्याच्या अंगात तेवढा जोरच उरला नव्हता. औषध तोंडात आणि घशात राहायचं. तीन महिने तो इमानेइतबारे औषध घेत होता आणि ते पोचत नव्हतं. हिने त्याची ओढ मोजली, कमी भरली. म्हणजे औषध तेच, पण नेब्युलायझरने किंवा वेगळ्या पद्धतीच्या उपकरणाने द्यायला हवं होतं. हे तिला कळलं. पण घरी नेण्याचं औषध बदलायचा अधिकार तिला नाही. तिने नोंद केली, फोन केला, पुन्हा फोन केला. सकाळी तिची पाळी संपली. दोन दिवसांनी ती आली तेव्हा तो घरी गेला होता, त्याच इन्हेलरसह.

"चौथ्यांदा आला तेव्हा मजल्यावर एक पी.ए. होती," भाची म्हणाली. "मी तिला सांगितलं. ती माझ्याबरोबर खोलीत आली, त्याच्या पलंगावर टेकली, त्याला ओढायला लावलं, माझा आकडा बघितला आणि तिथेच औषध बदललं. दहा मिनिटं लागली, मावशी. ती आधी इमर्जन्सीच्या गाडीवर पॅरामेडिक होती."

मी म्हटलं, "मग हे का नाही लिहिलंस?"

"यात मी काहीच केलं नाही ना. केलं तिने."

आता तुम्हीच सांगा. जिने ओढ मोजली तिने काही केलं नाही! आपलं काम कमी लेखायची ही सवय कुठून येते? माझं मत असं की ती मुलाखतीच्या टेबलावर येते. पलीकडे बसलेला माणूस तुम्हाला तुमचं मागचं आयुष्य ओलांडायला सांगतोय असं वाटतं, आणि आपण आधीच ते लाथाडून मोकळे होतो. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या प्रत्येकाला हा मोह होत असणार. परिचारिका असो, पॅरामेडिक असो, फिजिओ असो, सगळे 'तिथे मर्यादा होत्या' असं लिहीत असणार. मर्यादा असतातच की. पण मर्यादा कुठे आहे हे नेमकं कुणाला कळतं? जो त्या भिंतीपर्यंत जाऊन आला त्यालाच.

पुढचे आठ दिवस तिने निबंध नव्याने लिहिला. इन्हेलरवाल्या माणसाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं. मी जांभळ्या पेनने विशेषणं खोडली. पाच हजार अक्षरांत एकशे बारा उरली, ती तशीच सोड म्हटलं, भरायची म्हणून भरू नकोस. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज गेला.

"मग डॉक्टरच का नाही होत?" हा प्रश्न तिला तिथेही विचारतात आणि इथेही, त्याचं उत्तर सरळ आहे. तिकडे पदवीनंतर वैद्यकीय शिक्षणाची चार वर्षं आणि वर कमीत कमी तीन वर्षांची रेसिडेन्सी. पन्नाशी जवळ येते. पी.ए.ला सत्तावीस महिने, आणि उद्या हृदयरोगाकडून अस्थिरोगाकडे जावंसं वाटलं तर नव्याने रेसिडेन्सी करावी लागत नाही. पैशाचंही सांगते, कारण नातेवाईक विचारतातच: तिकडच्या सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये श्वसनोपचारवाल्यांचं मध्यम वार्षिक वेतन ८० हजार डॉलरच्या आसपास होतं आणि पी.ए.चं १ लाख ३३ हजारांच्या. पण शिक्षणाची फी एक लाख डॉलरच्या वर जाणं नवल नाही, आणि त्या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य. त्यात जुलै २०२५ मध्ये तिकडे कायदा झाला, त्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं एक सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं आणि बाकीच्या कर्जाला मर्यादा घातली. त्या रात्री जावई आणि भाची उशिरापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. मी माझ्या बांगड्यांचा विषय काढला, तर दोघांनीही एका सुरात गप्प केलं.

नावाची मात्र गंमत आहे. 'असिस्टंट' शब्दाचा तिकडच्यांनाही कंटाळा आला, म्हणून त्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' असं नाव स्वीकारलं. ब्रिटनमध्ये उलटं. तिथे त्यांना असोसिएट म्हणत, आणि रोग्यांना ते डॉक्टरच वाटतात अशी तक्रार झाली. तेव्हा जुलै २०२५ मध्ये प्राध्यापक गिलियन लेंग यांच्या अहवालाने 'असिस्टंट' म्हणा अशी शिफारस केली. ब्रिटनमधली ती तक्रार मला खोटी वाटत नाही. समोर कोण उभं आहे हे रोग्याला कळलंच पाहिजे. पण नाव बदलल्याने आमच्या मांडवातलं कुणी 'कंपाउंडर' म्हणायचं थांबेल असं काही दिसत नाही.

आणि हो, हे सगळं परदेशातलंच आहे असंही नाही. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईत, मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी पी.ए.चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २०२१ च्या संबंधित आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात या व्यवसायाचं नावही आहे. पण आपण त्याचं काय केलं? बारावी सायन्स झालेलं सतरा वर्षांचं मूल थेट त्याच्या पदवीला जातं. ज्याने अजून कुणाचा बेडपॅनही उचललेला नाही ते मूल! आणि जी परिचारिका वीस वर्षं अतिदक्षता विभागात उभी आहे, तिला मात्र सगळं पहिल्यापासून. स्टेड यांनी जे मूळ ओळखलं होतं तेच आपण गाळलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मास्तरीणबाईंना यातलं काय कळतंय असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

ऑगस्टात एका शाळेचं मुलाखतीचं बोलावणं आलं, ऑक्टोबरात दुसऱ्या. पहिलीने नाही म्हटलं. दुसरीच्या वेळी मी परत आले होते, त्यामुळे रात्रभर इथे जागी. मुलाखत झाल्यावर गाडीत बसूनच तिने फोन केला. त्यांनी विचारलंच म्हणे, हे क्षेत्र का सोडता? काय उत्तर दिलं ते तिला धड आठवत नव्हतं. पण पलीकडच्या एकीने मध्येच विचारलं, तो कुठला इन्हेलर होता? आणि मग त्या दोघी ओढ किती असावी, कशी मोजावी यावर इतक्या बोलत बसल्या की बाजूच्याला घड्याळ दाखवावं लागलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस पत्र आलं. प्रतीक्षायादी, चौथा क्रमांक.

मी ते ताईला कळवायला फोन केला. पाऊसपाणी झालं, गुडघे झाले. मग तिनेच विचारलं, "लागला का गं तिच्या पी.ए.चा निकाल?"

"चौथा नंबर आहे," मी म्हटलं.

"चौथी आली?" ताईचा आवाज एकदम उजळला. "चांगलंय की. एवढ्या मोठ्या देशात चौथी!"

मी काही बोलले नाही. ती शेजारणीला हाक मारून सांगत होती, ते मला ऐकू येत होतं.